'श्री': दिसतं एक अक्षर, फोनसाठी चार कोड आणि माणसांसाठी सन्मान

लग्नपत्रिकेच्या माथ्यावर, दुकानाच्या पाटीवर, वहीच्या पहिल्या पानावर, बँकेच्या मेसेजमध्ये, सगळीकडे दिसणारं अक्षर म्हणजे 'श्री'. आपण ते इतकं सहज लिहितो की त्यात समजून घेण्यासारखं काही असेल असं वाटतच नाही. पण हे छोटंसं जोडाक्षर भाषेच्या दृष्टीने जितकं जुनं आहे, तितकंच सॉफ्टवेअरच्या दृष्टीने अवघड आहे. ते देवाचं नाव आहे, माणसाचा मान आहे, कित्येकांच्या नावाचा भाग आहे. संगणकाला मात्र यातला फरक आपोआप कळत नाही, आणि तो न कळल्यामुळे फॉर्म अडकतात, नावं जुळत नाहीत, कधी कधी माणसं दुखावतात.

या लेखात 'श्री'चे अर्थ, सन्मान म्हणून त्याचा वापर, फोनच्या आत ते कसं साठवलं जातं आणि आपलं नाव कुठेही भरताना काय काळजी घ्यायची, हे सगळं एका जागी बघू.

थोडक्यात

- 'श्री'चे मूळ अर्थ तेज, शोभा, समृद्धी आणि लक्ष्मी. आदराचा अर्थ त्यातूनच आला.
- युनिकोडमध्ये 'ॐ'ला स्वतंत्र कोड आहे, 'श्री'ला नाही. ते चार कोड जोडून बनतं.
- श्रीलंका, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, नेपाळ अशा अनेक देशांत हाच शब्द वेगवेगळ्या रूपांत वापरात आहे.
- सन्मान आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी कागदपत्रांत त्या मिसळू देऊ नका.

१. 'श्री' म्हणजे नेमकं काय?

वैदिक संस्कृतात 'श्री' म्हणजे तेज, शोभा, वैभव. पुढे हाच शब्द वैभवाच्या देवीसाठी, म्हणजे लक्ष्मीसाठी वापरला जाऊ लागला. श्रीधर, श्रीपती, श्रीनिवास, श्रीरंग ही विष्णूची नावं त्यातूनच आली. 'ज्याच्याजवळ श्री आहे तो' म्हणजे श्रीमान किंवा श्रीयुत. आपण एखाद्याच्या नावाआधी 'श्री.' लावतो तेव्हा मुळात 'हा वैभवयुक्त माणूस' असंच म्हणत असतो.

मराठीने मात्र या शब्दाला आपल्या पद्धतीने आणखी कामाला लावलं:

- देवासाठी एकटं 'श्री': 'श्रींची मूर्ती', 'श्रींचं विसर्जन'. इथे पुढे नाव लागतच नाही.
- सुरुवात: 'श्रीगणेशा करणे' म्हणजे कामाला सुरुवात करणे.
- हिशेब: जुन्या खातेवहीत हातातल्या रोख शिलकीला 'श्रीशिल्लक' म्हणतात.
- पैसा: पेशव्यांना आदराने 'श्रीमंत' म्हणत. आज त्याच शब्दाचा अर्थ फक्त 'पैसेवाला' असा उरला आहे.
- फळ आणि गोडधोड: श्रीफळ म्हणजे मराठीत नारळ. संस्कृतात मात्र श्रीफळ म्हणजे बेलफळ. श्रीखंड तर सगळ्यांना माहीत आहेच.
- थप्पड: 'श्रीमुखात भडकावणे'. इतका आदरार्थी शब्द आणि काम हे असं!

जळगावच्या सराफ बाजारात किंवा धुळ्याच्या बाजारपेठेत दिवाळीला वहीपूजन होतं, तेव्हा नव्या वहीची सुरुवात 'श्री'नेच होते. काही व्यापारी घरांत पहिल्या ओळीत एक 'श्री', दुसरीत दोन, तिसरीत तीन असं करत त्रिकोण काढतात. हिशेब आता मोबाईलच्या ॲपमध्ये गेला असला, तरी पूजेसाठी एक कागदी वही अजूनही आणली जाते.

२. सन्मान मोजायचा कसा? तर 'श्री' किती ते बघून

जुनी पत्रं आणि पोथ्या बघितल्या तर सगळ्यात वर 'श्री' असतोच. धुळ्यात हे बघायची चांगली सोय आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झालं. त्यानंतर १९२७ मध्ये तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ सुरू झालं. त्यांनी जमवलेल्या कागदपत्रांचा वारसा तिथे आहे. त्याच शहरात श्री समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेची हस्तलिखितं जपलेली आहेत.

जुन्या पत्रांत मायना ठरलेला असे. बरोबरीच्या माणसाला 'राजमान्य राजश्री', म्हणजेच 'रा. रा.' मोठ्या अधिकाराच्या माणसाला 'श्रीमंत'. पत्र उघडल्यावर पहिल्या ओळीतच कळायचं की लिहिणारा समोरच्याला कुठल्या पायरीवर बसवतोय.

संस्कृत पत्रलेखनात तर 'श्री' किती वेळा लिहायचा याचाही संकेत होता. गुरूला सहा, स्वामीला पाच, शत्रूला चार, मित्राला तीन, सेवकाला दोन, आणि मुलाला किंवा पत्नीला एक. होय, शत्रूला मित्रापेक्षा एक जास्त!

प्रत्येक वेळी सहा-सहा 'श्री' कोण लिहिणार? म्हणून लोकांनी आकडा वापरायला सुरुवात केली. नेपाळचा राजा 'श्री ५' आणि राणा घराण्याचे पंतप्रधान 'श्री ३' म्हणून ओळखले जात. नेपाळ सरकारचं अधिकृत नावच २००६ पर्यंत 'श्री ५ को सरकार' होतं. त्या वर्षी राजाचे अधिकार काढले गेले आणि ते साधं 'नेपाळ सरकार' झालं. आपल्याकडे साधुसंतांच्या नावाआधी 'श्री १०८' किंवा 'श्री १००८' लिहितात तेही याच पद्धतीने.

इंजिनिअरिंगला असाल तर इथे ओळखीचं काहीतरी दिसेल. 'तीच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिण्याऐवजी एकदा लिहा आणि किती वेळा ते सांगा' याला डेटा कॉम्प्रेशनमध्ये रन-लेंग्थ एन्कोडिंग म्हणतात. 'श्री' सलग १०८ वेळा टाईप केला तर यूटीएफ-८ मध्ये १,२९६ बाइट लागतात. 'श्री १०८' लिहिलं तर फक्त २२. आपल्या पूर्वजांनी हे कॉम्प्रेशन कागदावर करून ठेवलं होतं.

३. मराठीतल्या सन्मानाच्या छोट्या खुणा

पत्रिका किंवा जुनं पत्र वाचताना अडायला नको म्हणून ही यादी:

- श्री. : श्रीयुत किंवा श्रीमान. संक्षेप म्हणून पुढे टिंब देण्याची पद्धत आहे.
- सौ. : सौभाग्यवती
- चि. : चिरंजीव
- चि. सौ. कां. : चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे होणारी नवरी
- कु. : कुमारी किंवा कुमार
- ति. : तीर्थरूप, आईवडिलांसाठी
- कै. : कैलासवासी, म्हणजे दिवंगत
- ह. भ. प. : हरिभक्तपरायण, कीर्तनकार आणि वारकऱ्यांसाठी
- गं. भा. : गंगाभागीरथी, विधवा स्त्रीसाठी जुन्या काळी वापरलं जाणारं बिरुद

एक गोष्ट लक्षात घ्या. सन्मान दुसऱ्याने द्यायचा असतो. स्वतःची सही करताना किंवा ओळख करून देताना 'मी श्री. अमुक' असं म्हणत नाहीत.

आणि 'पद्मश्री'? हा पुरस्कार आहे, पदवी नाही. १९५४ पासून तो दिला जातो. खानदेशात भालचंद्र नेमाडे, भवरलाल जैन, उज्ज्वल निकम यांना तो मिळालेला आहे. पण राज्यघटनेच्या कलम १८ नुसार राज्यसंस्था किताब देऊ शकत नाही, आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पद्म पुरस्कार नावाच्या आधी किंवा नंतर किताबासारखा लावता येणार नाही. बॅनरवर सर्रास लावतात, तो भाग वेगळा.

४. 'श्रीमती'चा पेच

पुरुषाला 'श्री.' लावलं की विषय संपतो. त्याचं लग्न झालंय का, बायको आहे का, हे त्या शब्दातून कळत नाही. बाईच्या बाबतीत मात्र मराठीत तीन-चार कप्पे आहेत: कुमारी, सौ., श्रीमती आणि पूर्वी गं. भा.

पेच 'श्रीमती'मध्ये आहे. हिंदीत 'श्रीमती' म्हणजे विवाहित स्त्री. सरकारी मराठीत तो कुठल्याही स्त्रीसाठी सरसकट आदराचा शब्द म्हणून वापरला जातो. पण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या नवरा हयात असलेली बाई 'सौ.' आणि नसलेली 'श्रीमती' असा वापर चालत आलाय. त्यामुळे एखाद्या ॲपने इंग्रजी यादीचं हिंदी भाषांतर केलं, तेच मराठीत उचललं आणि एखाद्या मावशींना 'श्रीमती' म्हणून मेसेज आला, तर त्या थेट विचारतात, "अरे, तुझे काका जिवंत आहेत ना?" आपल्याला हसू येतं, पण त्यांना ते खरंच लागलेलं असतं. उलट बाजूने, नवरा गेल्यावर नावाआधीचं 'सौ.' काढून टाकावं लागतं, म्हणजे दुःखाची नोंद प्रत्येक कागदावर होते.

हा विषय किती नाजूक आहे ते एप्रिल २०२३ मध्ये दिसलं. तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरण्याबाबत चर्चा करावी असं विभागाला कळवलं. त्यावर मोठी टीका झाली, आणि निर्णय झालेला नाही, फक्त चर्चा आहे, असा खुलासा करावा लागला.

ॲप किंवा वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी यातून सरळ नियम निघतो. बिरुदाचा रकाना सक्तीचा ठेवू नका. यादी द्यायचीच असेल तर 'काही नको' हा पर्याय द्या आणि निवड ज्याचं नाव आहे त्यालाच करू द्या. 'नमस्कार सुनीता' एवढ्यानेही काम भागतं.

५. खानदेशात मान नावाच्या मागे बसतो

'श्री.' नावाच्या आधी येतं. पण जळगाव-धुळ्याकडे रोजच्या बोलण्यात मान नावाच्या मागे लागतो: भाऊ, दादा, आप्पा, नाना, आबा, बापू, तात्या, अण्णा आणि खास आपला 'जिभाऊ'. बायकांसाठी ताई, आक्का, बाई, काकू. गावात कित्येकांचं खरं नाव पोरांना माहीतही नसतं, सगळ्या गावाचे ते 'नाना'च.

काही वेळा हा मान नावात इतका मुरतो की वेगळा काढताच येत नाही. आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावातली 'बाई' काढून बघा. अमळनेरला शिकवणारे पांडुरंग सदाशिव साने आज फक्त 'साने गुरुजी' आहेत. आणि 'पाटील' तर गावच्या पदाचं नाव, ते आता हजारो घरांचं आडनाव झालंय.

खरी अडचण इथेच सुरू होते. समजा एखाद्या शेतकऱ्याचं नाव सातबाऱ्यावर 'भास्करराव', आधारवर 'भास्कर' आणि बँकेच्या पासबुकावर 'भास्कर आप्पा' असं लागलंय. गावात कोणालाही विचारा, माणूस एकच. पण संगणक अक्षरं जुळवतो, माणूस ओळखत नाही. त्याच्या दृष्टीने ही तीन वेगळी नावं आहेत. मग शिष्यवृत्ती असो, पीक विमा असो की अनुदान, 'नाव जुळत नाही' असा शेरा येतो आणि तालुक्याला चकरा सुरू होतात. आदरापोटी लावलेला शब्द असा महागात पडतो.

६. फोनच्या आत 'श्री' कसा दिसतो?

आता तांत्रिक भाग. फोन अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. कुठल्या अक्षराला कुठला आकडा हे युनिकोड नावाच्या जागतिक मानकाने ठरवलंय. 'ॐ'ला त्यात स्वतःचा एक आकडा आहे: २३८४. 'श्री'ला तसा एकच आकडा नाही. तो असा बनतो:

- श : २३५८
- पाय मोडण्याचं चिन्ह (हलंत) : २३८१
- र : २३५२
- दुसरी वेलांटी : २३६८

हे चार आकडे एका ओळीत आले की फॉन्ट त्यांना जोडून एकसंध 'श्री' काढतो. म्हणजे आपल्याला दिसणारं अक्षर ही फॉन्टची कामगिरी आहे, फाईलमध्ये चार सुटे तुकडेच आहेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक तुकड्याला ३ बाइट, म्हणजे एका 'श्री'चे १२ बाइट.

याचा परिणाम एसएमएसवरही होतो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत ७० कोड. 'श्री. ज्ञानेश्वर' एवढंच लिहिलं तर त्यातले १६ गेले. म्हणून मराठी मेसेज पटकन दोन एसएमएसचा होतो.

७. 'श्री' कुठे कुठे तुटतं?

मोजताना. पायथन किंवा जावास्क्रिप्टला 'श्री'ची लांबी विचारली तर उत्तर ४ येतं. माणूस १ म्हणेल. २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ ने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं एकत्र एक धरायचा नियम आणला. त्याआधीच्या नियमाने 'श्' आणि 'री' असे दोन तुकडे पडायचे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अजूनही पडतात.

तपासताना. 'नावात फक्त अक्षरं चालतील' अशी अट लिहिणारा प्रोग्रामर बहुतेक वेळा इंग्रजी डोक्यात ठेवून लिहितो. वेलांटी आणि हलंत ही युनिकोडच्या भाषेत 'अक्षरं' नाहीत, 'चिन्हं' आहेत. त्यामुळे पायथनच्या नेहमीच्या शब्द शोधण्याच्या पॅटर्नमधून 'श्री' टाकलं तर बाहेर 'श' आणि 'र' असे दोन शब्द येतात. फॉर्मने तुमचं शुद्ध मराठी नाव 'अवैध' म्हणून नाकारलं तर कारण बहुधा हेच असतं. उपाय सोपा आहे: अटीत अक्षरांबरोबर चिन्हांचा वर्गही घ्यायचा.

काढताना. नावांच्या यादीतून बिरुदं काढायची म्हणून कोणी 'सुरुवातीचं श्री उडवा' असा कोड लिहिला, तर 'श्री. भास्कर'चं 'भास्कर' बरोबर होतं, पण 'श्रीकांत'चं 'कांत' आणि 'श्रीराम'चं 'राम' होऊन बसतं. धुळ्याचं वाग्देवता मंदिर उभारणारे शंकर श्रीकृष्ण देव यांच्या वडिलांचं नाव अशा कोडने 'कृष्ण' केलं असतं. 'श्री'नंतर टिंब किंवा मोकळी जागा असेल तरच तो सन्मान, जोडून असेल तर ते नाव, एवढं तपासलं तरी बरीच चूक टळते. जयश्री, भाग्यश्री, राजश्री यांत तर 'श्री' शेवटी येतं.

छापताना. फ्लेक्सच्या दुकानात अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टवर काम चालतं. त्या फॉन्टमध्ये 'श्री'च्या चित्रामागे दुसऱ्याच चिन्हाचा कोड असतो. तोच मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. उलट, युनिकोड मजकूर फोटोशॉपमध्ये पेस्ट केला आणि 'श्', 'र', 'ी' सुटे झाले, तर टाईपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा.

लिहिताना. 'श्र' आणि 'शृ' यांत गल्लत होते. 'श्री'मध्ये श आणि र आहे, 'शृंगार'मध्ये श आणि ऋकार आहे. 'श्रृंगार' लिहिलं की र आणि ऋ दोन्ही येतात, ते चूक. तसंच '॥ श्री ॥' लिहिताना इंग्रजी कीबोर्डवरच्या चार उभ्या रेघा टाकू नका. मराठी कीबोर्डवर '॥' हे एकच चिन्ह मिळतं.

संगणकावर इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरत असाल तर शिफ्ट धरून ८ दाबलं की 'श्र' एकदम मिळतं. मग फक्त वेलांटी द्यायची.

८. 'श्री' परदेशात

समुद्रमार्गे व्यापारी, भिक्षू आणि पंडित आग्नेय आशियात गेले, त्यांच्याबरोबर हा शब्दही गेला.

- थायलंड: लिहिताना 'श्री', बोलताना 'सी'. मोमोबरोबर मिळणारा तो लाल श्रीराचा सॉस माहीत असेल. त्याचं नाव थायलंडमधल्या 'सी राचा' या गावावरून पडलंय, आणि त्यातलं 'सी' म्हणजे आपलं 'श्री'च.
- मलेशिया आणि ब्रुनेई: 'तान श्री' हा मलेशियात सरकारी मानाचा किताब आहे. ब्रुनेईच्या राजधानीचं नाव 'बंदर सेरी बेगवान', त्यातलं 'सेरी' हेही तेच.
- इंडोनेशिया: 'देवी स्री' ही भाताची देवता. 'स्री' हे तिथे मुलींचं नावही असतं.
- श्रीलंका: २२ मे १९७२ ला सिलोनचं अधिकृत नाव श्रीलंका झालं.

श्रीलंकेतली गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे गाड्यांच्या नंबरप्लेटवर सिंहली लिपीतलं 'श्री' आणलं गेलं. तमिळ लोकांना ते आपल्यावर लादलेलं वाटलं, कारण त्याच काळात सिंहली ही एकमेव राजभाषा केली गेली होती. त्यांनी पाट्यांवर डांबर फासलं. उलट बाजूने दक्षिणेत तमिळ पाट्यांना डांबर लागलं. हा ताण वाढत गेला आणि मे १९५८ मध्ये भीषण दंगली झाल्या. शब्द मंगलच होता, अडचण तो कोणत्या लिपीत आणि कोणाच्या गाडीवर सक्तीने लावला यात होती. सन्मान सक्तीने दिला की त्याचा अपमान होतो.

संगणकातही प्रत्येक लिपीत 'श्री' वेगळंच असतं:

- देवनागरी: ४ कोड
- थाई: ३ कोड, कारण तिथे मध्ये हलंत लागत नाही
- सिंहली: ५ कोड, कारण जोडाक्षर होण्यासाठी मध्ये एक न दिसणारं 'जोड' चिन्ह टाकावं लागतं
- तमिळ: ४ कोड, पण दोन वेगवेगळ्या प्रकारे. आधी 'स' वापरून लिहीत. २००५ मध्ये युनिकोडमध्ये तमिळ 'श' आला. दोन्ही दिसायला सारखे, शोधायला वेगळे.

सिंहलीतल्या त्या न दिसणाऱ्या चिन्हाने तर वेबसाइटच्या पत्त्यांचेही नियम बदलायला लावले. डोमेनच्या जुन्या नियमांत ते चिन्ह गाळलं जायचं. म्हणजे सिंहलीत 'श्रीलंका' नीट लिहिलेला पत्ता मिळणंच शक्य नव्हतं. नंतरच्या नियमांनी ठरावीक जागी ते चिन्ह चालू दिलं.

९. चीन-जपानमध्ये गोष्ट उलटी

चिनी लिपीत प्रत्येक चित्राक्षराला युनिकोडमध्ये एक कोड असतो, आणि चिनी, जपानी, कोरियन यांच्यात तो बहुतेक वेळा सामाईक असतो. 'आधी' आणि 'जन्म' या अर्थांची दोन चित्राक्षरं शेजारी लिहिली की 'आधी जन्मलेला' असा शब्द होतो. चिनीत तो 'शियानशंग', अर्थ साधारण आपला 'श्रीयुत'. जपानीत तीच अक्षरं 'सेन्सेई', अर्थ शिक्षक किंवा डॉक्टर. कोरियनमध्ये 'सन्सेंग', अर्थ पुन्हा शिक्षक. कोड एकच, उच्चार तीन, मान वेगवेगळा.

आपल्याकडे नेमकं उलट आहे: शब्द एकच, अर्थ जवळपास एकच, पण प्रत्येक लिपीत कोड वेगळे. म्हणून देवनागरीत 'श्री' शोधलं तर साधा शोध गुजराती किंवा तेलुगू 'श्री'पर्यंत जात नाही.

जपानी 'सान' आणि 'सामा' मात्र आपल्या 'भाऊ', 'राव'सारखे नावाच्या मागे लागतात, आणि तिथेही स्वतःच्या नावाला ते लावत नाहीत. शिवाय 'श्री' स्वतः जपानपर्यंत पोचलेलं आहे. बोधिसत्त्व मंजुश्री चीनमध्ये 'वनशुशिली' झाला आणि जपानमध्ये त्याचा उच्चार आखडून 'मोंजु' उरला. वाटेत 'श्री' गळून पडलं!

१०. नाव भरताना एवढं करा

१. फॉर्मच्या नावाच्या रकान्यात श्री., सौ., कु., भाऊ, आप्पा यातलं काही लिहू नका. आधारवर जसं आहे तसं नाव लिहा.
२. 'राव', 'बाई', 'दास' हे तुमच्या आधारवरच्या नावात असतील तर ते नावच आहे, ते गाळू नका.
३. घरातल्या मोठ्यांचा आधार, पासबुक आणि सातबारा एकदा शेजारी ठेवून नावं जुळवून बघा. योजनेची शेवटची तारीख यायच्या आधी बघा.
४. इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवा. 'श्री' इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहितात. दहावीच्या मार्कशीटवर जे आहे तेच पुढे सगळीकडे चालवा.
५. फोनमध्ये नंबर सेव्ह करताना 'श्री.' हे नावाआधीच्या वेगळ्या रकान्यात आणि 'नाना' हे टोपणनावाच्या रकान्यात टाका.

नेहमीचे प्रश्न

आयफोनची 'सिरी' आणि 'श्री' यांचा संबंध आहे का?
नाही. ते नॉर्वेकडचं मुलीचं नाव आहे. ज्या संशोधन संस्थेतून हे तंत्रज्ञान बाहेर पडलं तिच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं एस, आर, आय आहेत एवढाच योगायोग.

'श्री' आणि 'श्री.' यात बरोबर काय?
देवासाठी आणि मंगल खूण म्हणून टिंब न देता 'श्री'. माणसाच्या नावाआधी संक्षेप म्हणून 'श्री.' लिहिण्याची पद्धत रूढ आहे.

मोडी लिपीत 'श्री' फोनवर लिहिता येतं का?
मोडी २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये आली. मोडीचा युनिकोड फॉन्ट फोनमध्ये असेल तर दिसेल, नाही तर चौकोन दिसतील.

मग फॉर्ममध्ये 'श्री' न लिहिणं म्हणजे अनादर नाही का?
अजिबात नाही. डेटाबेसमधलं नाव ओळखण्यासाठी असतं, मान देण्यासाठी नाही. रकान्यात 'भास्कर' लिहा, आणि समोर भेटले की मनापासून 'भास्करआप्पा, रामराम' म्हणा. त्या हाकेला कुठलाही कोड लागत नाही.